कंदिलाला दीड लाखाचा कोर्स लागत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ॲनिमेशनमधल्या करिअरवरचा लेख वाचला. चांगलाय, पण दीड लाखाचा कोर्स आणि तेवढ्याच किमतीचा कॉम्प्युटर असल्याशिवाय थ्रीडीच्या वाटेला जाऊच नका असा जो त्याचा सूर आहे, त्यावर गप्प बसवेना म्हणून लिहितोय.

मी पतसंस्थेत तीस वर्षं खतावण्या जुळवल्या, रिटायर होऊन चार वर्षं झाली. ग्राफिक्सचा नाद मात्र जुना, टर्बो सी ह्या जुन्या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरच्या निळ्या स्क्रीनपासूनचा. तेव्हा सोळा रंगांत, ६४० बाय ४८० च्या पडद्यावर एक वर्तुळ इकडून तिकडे सरकलं तरी मी घरच्यांना हाका मारून दाखवायचो, ते "हं, छान" म्हणायचे आणि परत टीव्हीकडे. आता ब्लेंडर वापरतो, थ्रीडी चित्रं आणि ॲनिमेशन करायचं फुकट सॉफ्टवेअर. लॅपटॉप जुनाच, आठ जीबी रॅमचा, त्यावर नवीन ब्लेंडर चालत नाही म्हणून त्याची ३.६ ही जुनी आवृत्ती टाकलीय, जुन्या आवृत्त्या सगळ्या त्यांच्याच साइटवर मिळतात.

फुकट म्हटलं की आपल्याकडे लगेच विचारतात, क्रॅक केलेलं का हो? अहो नाही! नेदरलँड्सच्या टॉन रोझेंडाल यांनी हे सॉफ्टवेअर बनवलं, २००२ मध्ये त्यांची कंपनी बुडाली, तेव्हा गुंतवणूकदार म्हणाले एक लाख युरो द्या आणि सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, घेऊन जा. जगभरातल्या हौशी लोकांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत ते पैसे उभे केले, आपली मंडळं गणपतीला काढतात तशीच म्हणा, आणि १३ ऑक्टोबर २००२ ला कोड सगळ्यांना खुला झाला. आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेला 'फ्लो', तो लॅटव्हियातल्या दिग्दर्शकाचा मांजराचा सिनेमा, तो ह्याच ब्लेंडरमध्ये झालाय. हे तुमच्या लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

गेल्या दिवाळीत मी ब्लेंडरमध्ये आकाशकंदील केला. लाकडी पट्ट्या, पतंगाचा कागद, खाली झिरमिळ्या, आत बल्ब. आकार तासाभरात झाला पण खरी मजा उजेडात आहे. कागदातून झिरपून भिंतीवर पडणारा उजेड कॉम्प्युटर अंदाजपंचे किरण सोडून शोधतो, किरण कमी सोडले तर भिंतीवर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात, आणि ते निम्मे करायचे तर किरण दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. म्हणजे वेळही चौपट. हे गणित मला कुणी शिकवलं नाही, रात्री दोन वाजता लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज ऐकत बसल्यावर आपोआप डोक्यात शिरलं. पहिल्या वेळी दहा सेकंदांचा व्हिडिओ थेट रेंडरला, म्हणजे कॉम्प्युटरकडून अंतिम चित्रं काढून घ्यायला, लावला, २४० फ्रेम म्हणजे २४० चित्रं, पहाटे लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली, फाइल अर्धवट राहिली ती उघडेचना. तेव्हापासून प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र सेव्ह करतो, लाइट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे.

आता ज्यासाठी मुख्यतः पत्र लिहितोय ते सांगतो. कंदिलाखाली 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' असं थ्रीडी अक्षरांत लिहायला गेलो आणि पार भजं झालं. दिवाळीतल्या द ची वेलांटी उडी मारून व ला चिकटली, हार्दिकचा रफार वर चढायलाच तयार नाही, र पाय मोडून बसलेला, च्छ चे दोन तुकडे. कारण असं की युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, आधी द आणि मग वेलांटी असंच साठवलेलं असतं, ती अक्षराच्या आधी काढायची, रफार वर न्यायचा, जोडाक्षर जोडायचं हे काम सॉफ्टवेअरनं करायचं असतं. मी वापरतो त्या ब्लेंडरच्या थ्रीडी अक्षरांत ते होत नाही. क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, अँड्रॉइड सगळीकडे ह्यासाठी हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला वापरता येईल असा तयार कोड, आहे, तीही फुकट आणि खुलीच!

मी जुगाड केला. इंकस्केप ह्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप करायचा, तिथे मराठी नीट उमटतं, मग 'ऑब्जेक्ट टू पाथ' ही कमांड देऊन अक्षरांच्या नुसत्या रेषा करायच्या, एसव्हीजी ह्या रेषाचित्रांच्या प्रकारात फाइल सेव्ह करायची, ती ब्लेंडरमध्ये आणायची (अक्षरं इतकी बारीक येतात की पहिल्यांदा वाटलं काही आलंच नाही), मोठी करायची, जाडी द्यायची. एक काना चुकला तर परत पहिल्यापासून.

तर माझं म्हणणं एवढंच की आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये दरवर्षी हजारो मुलं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट करतात, त्यातली कितीतरी तीच तीच लायब्ररी मॅनेजमेंट आणि पार्किंग सिस्टिम, तीही कुठून तरी उचललेली. ब्लेंडरचा कोड उघडा आहे, वेलांटी जागेवर बसवायचं काम दोन-चार पोरांनी अंगावर घेतलं तर फक्त मराठीचं नाही, हिंदी नेपाळीचंही भलं होईल. मी सी प्लस प्लस ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेचं पुस्तक आणलंय, पण ब्लेंडरच्या कोडमध्ये शिरलो की चक्रव्यूहच, आत जाता येतं, बाहेर यायचं कळत नाही. तुमच्या पुरवणीत करिअरच्या जाहिरातींशेजारी अशा कामांनाही जरा जागा द्या, मुलं वाचतात हो तुमची पुरवणी, आमच्या सोसायटीतली दोघं तर कात्रणं काढून ठेवतात.

यंदाच्या कंदिलावर मुंबईच्या 'एक टाइप' ह्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मोदक' फॉन्ट वापरतोय, नावासारखाच गुबगुबीत आहे आणि थ्रीडीत फार गोड दिसतो. झिरमिळ्या मात्र अजून वाऱ्यावर हलतात कमी आणि एकमेकीतून आरपार जातात जास्त, सध्या तेच चाललंय.

आपला,
एक हौशी वाचक, सातारा