दादा, प्लॉट नको, तुझ्या घराजवळ भाड्याचं घर बघ

मस्कत, शुक्रवार दुपार

ती. दादा आणि वहिनी,
सा. न.

ईमेल करतेय, मोबाईलवर एवढं मोठं तू वाचणार नाहीस म्हणून कुणाकडून तरी प्रिंट काढून घे. फोनवर बोलायला गेले की तू मध्येच "अगं आधी ऐक तर" म्हणतोस आणि मग माझं सगळं राहूनच जातं, म्हणून लिहायला बसले. ह्यांची आज सुट्टी आहे, झोपलेत. माझी काल नाईट होती पण झोप येईना.

आधी जे सांगायला जीभ रेटत नव्हती तेच सांगते. दादा, तो सोलापुरातला अक्कलकोट रोडचा प्लॉट आपल्याला नको. तू माझ्यासाठी स्वतःच्या खिशातून ५१ हजार इसार देऊन बसलायस हे मला माहितीय, सत्तावीस वर्षांनी बहीण घरी येणार तर तिचं स्वतःचं अंगण असावं म्हणून दिलास हे पण माहितीय, आणि त्या रात्री मला रडू आलं होतं हे ह्यांना विचार. ते ५१ हजार मी ह्याच महिन्यात तुझ्या खात्यावर टाकते, मालकाने परत दिले तर ठीक, नाही दिले तर गेले, तू त्यावर एक शब्द बोलायचा नाहीस.

का नको ते नीट सांगते. पहिली गोष्ट कायद्याची. तू पाठवलेला सातबारा मी इथल्या एका ओळखीच्या सीएंना दाखवला. ती जमीन अजून शेतीच आहे, एनए म्हणजे बिगरशेती झालेली नाही, गुंठेवारीने तुकडे पाडून विकतायत आणि उताऱ्यावर सामायिकात नाव लागणार. आणि आम्ही एनआरआय आहोत तोपर्यंत आम्हाला शेतजमीन विकत घेताच येत नाही, फार्महाऊस पण नाही. वारसाने आलेली चालते, घेतलेली चालत नाही. घर, फ्लॅट, एनए प्लॉट घ्यायला काही अडचण नाही. तू म्हणशील माझ्या नावावर घेऊ, नंतर बघू. नको रे. तुझ्या माझ्यात काही होणार नाही, पण उद्या तुझ्या पोरांत आणि माझ्या पोरात कागदावरून बोलणं व्हायला नको.

पण खरं सांगू का, कागद अगदी सोन्यासारखे असते तरी मी नाहीच म्हटलं असतं. मागच्या वेळी आपण दोघं संध्याकाळी बघायला गेलो होतो ना, तू पायाने हद्द दाखवत होतास, इथे तुळस, इथे पार्किंग, आणि मी मान हलवत होते, पण माझं लक्ष भलतीकडंच होतं. अख्ख्या लाइनीत दोन घरं, त्यातल्या एकाला कुलूप. खांब होता, त्याला दिवा नव्हता. एक टँकर वळायला बघत होता तर त्याला चिखलात दहा मिनिटं लागली. मी मनात म्हणत होते, ह्यांना रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर मी कुणाचं दार वाजवू?

तुला आठवतं का २००९ साली आई मोरीत पडली ती? तेव्हा आपलं घर साखर पेठेतच होतं. मी इथे नाईट ड्युटीवर, वहिनींचा फोन आला आणि माझे हातपाय गार पडले. बोळ एवढा अरुंद की अँब्युलन्स आत येईना. पण समोरच्या अक्कांनी मागाची खटखट बंद करून चार पोरं पळवली, आईला लाकडी खुर्चीवर बसवून, तिच्याच सोलापुरी चादरीने कमरेला बांधून, त्या पोरांनी बोळाच्या तोंडापर्यंत उचलून आणली. पाच मिनिटांत. खुब्याचं हाड मोडलेलं, पण त्याच दिवशी दवाखान्यात पोचली, चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि पुढे सात वर्षं स्वतःच्या पायाने संडासला गेली. तिथे चार पोरं नसती तर? मी नर्स आहे दादा, खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं मी किती बघितलीत, न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात. आणि पॅरालिसिसचा झटका आला तर रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही आधी स्कॅन काढून. त्यातला एक तास रिक्षा शोधण्यात घालवायचा का?

आता बाकीच्या जागांचं. तुला वाटत असेल ही पुण्याला जाणार आणि सांगायला लाजतेय. तसं नाहीये. पोरगा खूप मागं लागलाय, त्याचा फ्लॅट हिंजवडीकडं, अठराव्या मजल्यावर, छान आहे, सूनबाई गुणाची आहे. आम्ही तीन आठवडे राहून बघितलं. सकाळी साडेआठला दोघं बाहेर पडतात ते रात्री आठला येतात, ट्रॅफिकमध्येच दोन तास. आम्ही दोघं दिवसभर गॅलरीत. ह्यांनी लिफ्टमध्ये एकाला नमस्कार केला तर त्याने कानातलं काढून "येस?" विचारलं. आणि उद्या पोराला कंपनीने बंगळूरला पाठवलं तर आम्ही त्या अठराव्या मजल्यावर कुणाच्या भरवशावर? वंदे भारतने पुण्याला तीन-सव्वातीन तासात पोचता येतं, दुसऱ्या शनिवारी जाऊ, नातवंडं झाली तर महिनाभर राहू.

पुण्याजवळ ज्येष्ठांसाठीची वसाहत पण एक बघून आलो. तिथे बाथरूममध्ये धरायला दांडे, व्हीलचेअर जाईल एवढे रुंद दरवाजे, न घसरणाऱ्या फरशा, नर्स चोवीस तास. २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, अशा प्रकल्पांना दांडे, दरवाजे, फरशा हे नियमातच घालून दिलंय, ते मला फार आवडलं. पण फ्लॅटची किंमत भरून वर दोघांचा जेवणासकट महिन्याचा खर्च ऐकला आणि दरवर्षी तो वाढणार म्हणाले, तेव्हा ह्यांनी माझ्याकडं बघितलं. आपला पगार इथे बरा होता पण पेन्शन नाही रे आपल्याला, जे साठलंय ते दोघांना पंचवीस वर्षं पुरवायचंय.

मंगळवेढ्याला ह्यांचं घर आहे, शेत आहे, ज्वारी तर घरचीच. ह्यांचा जीव तिथे आहे, मला कळतं. पण तिथून सोलापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आणि ह्यांची शुगर बघता मला तेवढं लांब नको. हुरड्याला जाऊ की.

आणि इथेच का राहत नाही असं वहिनींनी विचारलं होतं. इथे नोकरी आहे तोवर व्हिसा आहे वहिनी, नोकरी संपली की घर आवरायचं. दुबईला रिटायरमेंटचा व्हिसा निघालाय, पण त्याला वय ५५ आणि दहा लाख दिरहॅमची बचत नाहीतर तेवढ्याचं घर लागतं. आपल्या ऐपतीच्या गोष्टी नाहीत, आणि असत्या तरी मरायला कोण परक्या मुलखात थांबतं.

तर सोलापूरच. पण सोलापूरचं मला जे टोचतं ते पण लिहिते, कारण घर बघताना तुला तेच बघायचंय. सगळ्यात आधी पाणी. दादा, मस्कतला नदी नाही, पाऊस वर्षातून चार-दोन दिवस, तरी समुद्राचं पाणी गोडं करून नळाला चोवीस तास येतं. आणि आपल्याकडं उजनी काठोकाठ भरलेली असताना चार-पाच दिवसांआड पाणी, ते पण कधी पहाटे तीनला. तरुणपणी आपण कळश्या, पिंप, बादल्या भरायचो, पासष्टीला मी नाही भरू शकणार, माझा उजवा गुडघा आत्ताच बोलतोय. म्हणून बिल्डिंगची जमिनीतली टाकी किती लिटरची आहे ते वॉचमनला विचार, बोअर आहे का, आणि उन्हाळ्यात टँकर किती मागवावे लागतात ते तिथल्या बाईमाणसाला विचार, सेक्रेटरी खरं सांगणार नाही.

दुसरं ऊन. वरचा मजला अजिबात नको, आपल्या मे महिन्यात स्लॅब रात्री दोनपर्यंत तापलेला असतो. पहिला मजला मिळाला तर बरं, तळमजला पण चालेल, फक्त डास आणि गटार बघ. लिफ्ट असेल तर लाइट गेल्यावर ती चालते का. बाथरूमचा उंबरा किती उंच आहे तो वितीने मोज, हसू नकोस, आई त्या उंबऱ्यालाच अडखळली होती. भिंतीला दांडे मी माझ्या खर्चाने लावून घेईन, मालकाला खिळा मारलेला चालेल का तेवढं आधी विचार.

विकत काहीच घ्यायचं नाही अजून. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करायचं, त्यात एक उन्हाळा निघतो, एक पावसाळा, आणि जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. सत्तावीस वर्षांत मी यात्रेतला अक्षता सोहळा एकदाच बघितला, बाकी सगळे तुझ्या व्हिडिओ कॉलवर, पब्लिकचा आवाज इतका की "हर्र बोला हर्र" सोडून काही कळायचं नाही. अकरा महिने काढले की आम्हाला पण कळेल आम्ही तिथे राहू शकतो का. इतकी वर्षं एसीत आणि सरळ रस्त्यात काढलेली माणसं आहोत, उगाच आधी घर बांधून मग कुरकुर करायची माझी इच्छा नाही.

पैशाचं पण तुझ्या कानावर घालते, तू काळजी करतोस म्हणून. हे मार्चमध्ये साठ पूर्ण करतात. परत येऊन रीतसर रहिवासी झालो की ह्यांच्या नावावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख टाकायचे, एनआरआय असताना त्यात खातं उघडत नाही म्हणून थांबलोय. सध्या ८.२ टक्के व्याज आहे, दर तीन महिन्यांनी ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार धर, आणि भरताना जो दर असेल तो पाच वर्षं तसाच राहतो. तू सांगितलेलं बारा हजार भाडं जाऊन दूध, भाजी, लाइट, मोलकरीण त्यात जवळपास भागतं. उरलेलं बँकेत राहील, एनआरई खाती, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांची असतात ती, मात्र आल्याबरोबर बदलून घ्यावी लागतील, ते सीए बघतायत. मेडिक्लेम आम्ही दोन वर्षांपूर्वीच भारतातला काढून ठेवलाय, कारण आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, साठीला येऊन काढला असता तर ह्यांची शुगर-बीपी नेमकी गरजेच्या वेळी बाहेर राहिली असती. वहिनी, तुमच्या आईंचं ७० वर्षांवरचं आयुष्मान कार्ड काढलं का? त्याला उत्पन्नाची अट नाहीये, पाच लाखांपर्यंतचं आहे, आधार घेऊन जा आणि ह्या आठवड्यात काढाच.

दादा, तू फोनवर म्हणालास, "लोक म्हणतील सत्तावीस वर्षं परदेशात राहून भाड्याच्या घरात आली." म्हणू देत. बाबा आयुष्यभर गिरणीत राबून भाड्याच्याच दोन खोल्यांत राहिले, गिरणी बंद पडली तेव्हा घरात चार महिने पगार नव्हता आणि अक्कांनी भाकरीचं पीठ दिलं होतं. त्या दोन खोल्यांत मला कधी भीती वाटली नाही. इथे चांगल्या फ्लॅटमध्ये, कोविडमध्ये हे पंधरा दिवस ॲडमिट होते तेव्हा वाटली. शेजारी कोण राहतं मला माहीत नव्हतं. मी रात्री दाराची कडी काढून ठेवून झोपायचे, मला काही झालं तर कुणाला दार तोडायला लागू नये म्हणून. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून मला तुझ्या जवळ यायचंय, आणि ते फक्त माझ्यासाठी नाही. तू चौसष्टचा झालास. वहिनी सांगत होत्या तू गोळ्या अर्ध्या करून खातोस, मला आल्यावर तुझ्या बीपीची वही बघायचीय. दोन्ही पोरं तुझी बाहेर. तुला काही झालं तर कुणी यायचं, हा पण प्रश्न आहेच की.

वहिनींनी सांगितलेली सैफुलची ती बिल्डिंग, दुधाच्या डेअरीमागची, ती मला ऐकूनच बरी वाटली. खाली किराणा, मेडिकल, रिक्षा स्टँड, सात रस्त्याच्या दवाखान्यांना रिक्षाने पंधरा मिनिटं. आम्ही डिसेंबरमध्ये येतोय तेव्हा बघू, तोवर कुणाला शब्द देऊ नकोस, आणि इसार तर अजिबात नको.

एक काम मात्र आजच कर. संध्याकाळी फिरायला जातोस ना, आज देवळाकडं न जाता तुझ्या दारापासून त्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत जा. भरभर नको, तुझ्या नेहमीच्या चालीने. किती मिनिटं लागली ते रात्री फोन करून सांग, मी जागी आहे.

तुझी,
छोटी