रेडिओवर प्रचाराची जाहिरात चालते, मग माझा प्रश्न का चालत नाही?

कोल्हापूर, 30 एप्रिल 2024

माननीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, काल सकाळी रेडिओवर माझा फोन कापला.

मी आंबेवाडीचा. पहाटे म्हशी घेऊन गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर येतो. गिऱ्हाईक पेला धरून समोर उभं असतं आणि त्याच्या डोळ्यादेखत धार काढून द्यायची, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्याचा धंदा. शेजारी खुंटीला ट्रान्झिस्टर. काल सात वाजता एका खासगी एफएमच्या सकाळच्या कार्यक्रमात निवेदक म्हणाला, "कोल्हापूरकर, मतदान तोंडावर आलंय, फोन करा, मनातलं बोला." मी लावला. लागलासुद्धा. विचारलं, "2019 ला पूर आला, 2021 ला आला. आपल्याकडचे उमेदवार दिल्लीत गेल्यावर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्याबद्दल काय बोलणार, हे त्यांना इथं बोलावून विचाराल काय?"

गाणं सुरू झालं. मागाहून आतल्या पोराचा फोन आला. "काका, असलं आम्हाला चालत नाही. बातम्या आणि राजकारण घेतलं तर लायसन्स जाईल." आणि तो बोलत होता तेव्हाच रेडिओवर एका उमेदवाराची जाहिरात वाजत होती, ढोल-ताशासकट! सात ते आठ या एका तासात असल्या जाहिराती मी बोटांवर मोजल्या. चौदा. सगळ्या बाजूंच्या.

पोराची चूक नाही साहेब. नियम तुमचा आहे. 2011 च्या धोरणानं खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे. आकाशवाणीचं बातमीपत्र घ्यायचं तर जसंच्या तसं घ्या, एवढीच सवलत. वाहतूक, हवामान, परीक्षेचे निकाल, पाणीपुरवठा सांगितला तर चालतो. म्हणजे पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं हे ते मला सांगू शकतात. ते का चढलं आणि त्याला जबाबदार कोण, हे विचारलं की बंदी. पैसे मोजून उमेदवारानं स्वतःचं कौतुक लावलं तर ते चालतं. फुकटात मतदारानं प्रश्न विचारला की गुन्हा.

आता मला बोलायचंच आहे. ऑगस्ट 2019. धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 फुटांच्या वर गेलं. वीज गेली, मोबाइलचा टॉवर गेला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पटक्यात खोवलेला ट्रान्झिस्टर तेवढा बोलत होता. चार म्हशी सोनतळीला पोचवल्या आणि पाचवीसाठी परत फिरलो. गाभण होती. गोठ्यात पाणी छातीपर्यंत. दावं भिजून गाठ आवळली होती, ती सुटेना. विळा आणायला घरात गेलो, तोवर भिंत बसली. दावं तेवढं हातात राहिलं. पुढं पंचनाम्याला आलेल्या माणसानं लिहिलं "बेपत्ता". मृत लिहिलं असतं तर दुभत्या म्हशीचे 30,000 रुपये होते. म्हैस मेली हे दाखवायला म्हैस आणा म्हणाले! पंचगंगेत शोधायला जाऊ काय? 2021 ला पाणी 56 फुटांच्या वर गेलं, तेव्हा मी अंधारातच सगळी जनावरं हलवली. कुणाच्या सांगण्याची वाट बघितली नाही.

तो कागद घेऊन पाच वर्षं हिंडतोय. हा प्रश्न सकाळच्या सातला गावानं ऐकावा, उमेदवारानं ऐकावा, एवढंच मागत होतो.

आकाशवाणीवर माझा राग नाही. त्या प्रादेशिक बातम्यांवर आमच्या वडिलांचं घड्याळ लागायचं. पण दहा मिनिटांत राज्याच्या 48 मतदारसंघांचं काय काय सांगणार? कोल्हापूरच्या वाट्याला एक वाक्य आलं तर आलं.

टीव्हीवर चोवीस तास बातम्यांच्या नावाखाली भांडणं चालतात, त्याला परवाना आहे. पेपर खासगी, त्याला मुभा. मोबाइलवर कुणीही उठतो आणि काहीही पसरवतो. मग ज्याला वाचता येत नाही, हात शेणात आहेत, डोळे धारेवर आहेत, त्याच्या कानापाशी जे यंत्र आहे, त्याच्याच तोंडाला कुलूप का? 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. त्या जनतेत मी येतो का नाही? खासगी रेडिओला बातम्या द्या म्हणून 2013 पासून त्याच न्यायालयात याचिका आहे. आणि 5 सप्टेंबर 2023 ला दूरसंचार नियामक प्राधिकरणानं तुम्हालाच लिहून दिलं की तासाला दहा मिनिटं बातम्या द्यायला परवानगी द्या. तुमच्याच सरकारची संस्था!

आचारसंहिता आहे म्हणाल. कबूल. ती 16 मार्चला लागली. त्याआधी सहा महिने ती फाइल कुणाच्या टेबलावर होती? पंतप्रधान 3 ऑक्टोबर 2014 पासून, निवडणुकीचे महिने सोडले तर, दर महिन्याला रेडिओवर मनातलं बोलतात. मी ऐकतो, धार काढता काढता ऐकतो. रेडिओ गोठ्यापर्यंत पोचतो हे सरकारला पक्कं माहीत आहे. मग गोठ्यातून उलट आवाज आला की भीती कसली वाटते? सगळ्या कारभाराचीच ही रीत झाली आहे. वरून खाली भोंगा, खालून वर कागद, आणि त्या कागदावर "बेपत्ता".

7 मेला मतदान आहे. मी करणार. पहिल्या तासात, म्हशी बांधून झाल्यावर. प्रचारात माझा प्रश्न आता काही वाजत नाही, हे मला कळतं. पण 4 जूनला निकाल लागेल, आचारसंहिता उठेल, मंत्रालयात तुम्ही असाल नाहीतर दुसरं कुणी असेल. जो कोणी असेल त्यानं ते दहा मिनिटांचं प्रकरण काढावं आणि हो किंवा नाही काय ते सांगावं. नाही म्हणालात तर कारण सांगा, तेही रेडिओवरून.

जूननंतर पाणी चढायला लागतं. पंचगंगेची मच्छिंद्री व्हायच्या आत, म्हणजे पाणी पुराच्या खुणेला टेकायच्या आत, उत्तर यावं.

आपला,
आंबेवाडीचा एक दूधवाला मतदार
(तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर)