टूरच्या कार्यक्रमात दोन तास रिकामे ठेवा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत ग्रुप टूरवर लेख आला होता, एकटेपणावर यासारखं औषध नाही असा एकंदर सूर होता त्याचा. लेख चांगलाय, पण मी नुकतीच सात दिवसांची राजस्थान टूर करून आलेय, बॅग अजून पूर्ण रिकामी पण झालेली नाही, आणि वाटलं की ज्यांना हे औषध जरा जास्तच चढतं त्यांच्या वतीनं पण कोणीतरी लिहावं.

आधीच सांगते, मी लाजाळू वगैरे नाही. बँकेत काउंटरवर २६ वर्षं काढलीत, महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनवाल्यांची रांग पार दारापर्यंत असते, सगळ्यांशी हसून बोलते, वेळ पडली तर भांडते पण. पण संध्याकाळी घरी आलं की मला तासभर कोणी म्हणजे कोणी नको असतं, मिस्टर चहा ठेवतात आणि गुपचूप बाल्कनीत जाऊन बसतात, २४ वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलंय. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर एकटीच जाते. यालाच अंतर्मुख म्हणतात. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञानं १९२१ साली माणसांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे प्रकार मांडले, म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली, पण आपल्याकडे अजून गप्प बसलेल्या बाईला दोनच प्रश्न विचारतात, बरं नाहीये का आणि कोणी काही बोललं का. (गंमत म्हणजे या युंगनं स्वतः १९२३ पासून झुरिचच्या तळ्याकाठी एक दगडी घर बांधायला घेतलं, वीज नाही, नळ नाही, आणि तिथे जाऊन एकटा राहायचा. त्याला कोणी विचारलं नसेल बरं नाहीये का म्हणून.)

मिस्टरांना गुडघ्यांमुळे एवढं फिरणं झेपत नाही म्हणून मी एकटीनं बुकिंग केलं. एकटीला खोली हवी तर जादा पैसे, म्हटलं कशाला, झोपायलाच तर जायचंय खोलीत. इथेच चुकलं.

पहाटे मुंबई एअरपोर्टवर केशरी टोपी मिळाली, उदयपूरला उतरून बसमध्ये बसलो, गणपती बाप्पा मोरया झालं आणि लगेच माइक फिरायला लागला. नाव, गाव, छंद आणि स्वतःबद्दल एक गंमत. आम्ही ३८ जण. मी छंद वाचन म्हणून सांगितला तर मागून आवाज, आता आठवडाभर वाचन बंद बरं का ताई! सगळे हसले, मी पण हसले, आणि पर्समधलं पुस्तक परत घरी येईपर्यंत खरंच उघडलं नाही मी. त्यात बसमधल्या जागा रोज दोन रांगा मागे सरकतात, सगळ्यांना पुढे बसायला मिळावं म्हणून, न्यायाचं आहे ते मान्य, पण त्यामुळे रोज शेजार नवा आणि रोज पहिल्यापासून सुरुवात, कुठल्या तुम्ही, मुलं किती, मुलीचं जमलं का. मग अंताक्षरी, मग हाउजी. जेवायच्या टेबलावर अंताक्षरीत कोण चिटिंग करत होतं त्याची चर्चा. जोधपूरसारख्या मिरचीवड्याच्या गावात सकाळी पोहे आणि दुपारी वरणभात का खायचा हा वेगळा विषय आहे, त्यावर वेगळं पत्र लिहीन.

खोलीत माझ्याबरोबर साताऱ्याच्या एक काकू. मनानं सोनं बाई. पण रात्री साडेबारापर्यंत बोलायच्या आणि दिवा घालवला की उरलेलं अंधारात. तिसऱ्या दिवसापासून मी बाथरूममध्ये बादली पालथी घालून त्यावर बसून मोबाइलवर पेपर वाचायला लागले, तुमचाच. बाहेरून काकू, अहो ताई, पोट बिघडलं का हो? आणि जैसलमेरला खरंच बिघडलं तेव्हा याच काकूंनी रात्रभर दर अर्ध्या तासाला उठून मीठ-साखरेचं पाणी पाजलं. त्यामुळे माझं भांडण माणसांशी नाही हे कृपया लक्षात घ्या.

भांडण आहे ते रणकपूरशी. म्हणजे रणकपूरच्या त्या चाळीस मिनिटांशी.

उदयपूरहून जोधपूरला जाताना वाटेत हे जैन मंदिर लागतं, पंधराव्या शतकातलं, पांढऱ्या संगमरवराचं, आदिनाथाचं, चारी बाजूंनी उघडं. आत १४४४ खांब आहेत आणि म्हणतात की एकाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही. बाहेर दुपारचं रणरणतं ऊन आणि आत पाय ठेवला की फरशी गार, उजेड खांबांमधून गाळून आल्यासारखा मऊ. आमच्या गाइडनं एक खांब दाखवला, एक छत दाखवलं, दोन विनोद केले आणि म्हणाला आता वीस मिनिटं फोटोसाठी. मी एका कोपऱ्यात सरकले आणि एका खांबापाशी बसले. एकाच. त्याच्यावर बोटभर उंचीची एक नाचणारी बाई कोरलीय, तिच्या पायातल्या घुंगरांचा दाणा न् दाणा वेगळा दिसत होता. पाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी नुसते ते दाणे कोरत दिवसचे दिवस बसला असेल, आणि मला खात्री आहे तेव्हा त्याच्याशी कोणी अंताक्षरी खेळत नव्हतं. चार दिवसांत पहिल्यांदा माझं डोकं शांत झालं. किती वेळ गेला कळलंच नाही, टूर मॅनेजर धापा टाकत आला, मॅडम, ३७ होतायत, एक कमी पडतंय! बसमध्ये चढले तर टाळ्या, आणि उशिराचा दंड म्हणून माइकवर गाणं. गायले मी. दोन ओळी. दिवसभराची कमाई तिथे खर्च झाली.

मेहरानगडावर मात्र मी शहाणपणा केला. राव जोधानं १४५९ साली बांधायला घेतलेला हा किल्ला, तिथे ऑडिओ गाइड मिळतो, आपले पैसे भरून तो घेतला आणि कानाला लावला. काय सांगू, चमत्कार! कानात काहीतरी असलं की बाईला कोणी बोलवत नाही, ती शिष्ट पण ठरत नाही. लोहा पोळ नावाच्या दरवाजाशी भिंतीवर छोट्या छोट्या हातांचे ठसे आहेत, शेंदूर फासलेले, महाराजा मानसिंग १८४३ साली गेले तेव्हा त्यांच्याबरोबर सती गेलेल्या बायकांचे, असं सांगतात. काही हात इतके लहान आहेत की माझ्या भाचीचे वाटावेत. आमचा ग्रुप तिथे अर्धा मिनिट थांबला, ठशांच्या खाली उभं राहून एक सेल्फी झाला, चला चला वर गार वारं आहे. मी कानातलं मशीन बंद केलं होतं, तरी काढलं नाही. तिथे उभी राहिले, पाच मिनिटं असतील.

तर माझं म्हणणं टूरवाल्यांना एवढंच आहे की सात दिवसांत एकदा, फक्त एकदा, दोन तास असे द्या की ज्यात कार्यक्रम नाही. शॉपिंग नाही, गाइड नाही, माइक तर नाहीच नाही. तळ्याकाठी सोडा, वेळ सांगा, आम्ही येतो परत, चाळिशी-पन्नाशीच्या बायका आहोत, हरवत नाही. गाणं ऐच्छिक ठेवा आणि दंडात तर अजिबात नको. बसमध्ये शेवटच्या दोन रांगा गप्प बसणाऱ्यांसाठी ठेवल्या तर बाकीचे पुढे गाऊ देत खुशाल, आमची काही तक्रार नाही. याला एक रुपया खर्च नाही. तुम्ही म्हणाल एवढंच असेल तर एकटं फिरावं माणसानं, तर जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत संध्याकाळी एकट्या बाईनं जायला मला तरी धीर होत नाही, आणि तिकिटं, हॉटेलं, गाड्या हे सगळं बघायला कोणीतरी असणं मला मनापासून आवडतं. मला ग्रुप हवाय, फक्त तो चोवीस तास अंगावर नकोय.

आणि मी एकटीच नाही हो अशी. आमच्यात नाशिकच्या एक आजी होत्या, ७४ वर्षांच्या, बसमध्ये बसल्या की मान टाकून झोपायच्या, सगळे म्हणायचे बिचाऱ्या दमतात या वयात. सहाव्या दिवशी त्यांच्या शेजारी माझा नंबर आला. बस सुटल्यावर त्यांनी एक डोळा उघडला, माइक लांब आहे हे बघितलं आणि मला हळूच म्हणाल्या, "अगं मी झोपत नाही काही. डोळे मिटले की कोणी बोलायला येत नाही, तू पण मीट." जैसलमेर ते जोधपूर जवळजवळ पाच तास आम्ही दोघी डोळे मिटून जाग्या होतो. अख्ख्या टूरमधली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण तीच.

व्हॉट्सॅपचा ग्रुप अजून चालूय, रोज सकाळी ३० गुड मॉर्निंग येतात, म्यूट केलाय पण सोडलेला नाही. पुढच्या महिन्यात पुण्यातल्या मंडळींचं सिंहगडावर गेट टुगेदर ठरलंय, साताऱ्याच्या काकू पण येतायत. मी पण येते म्हणून कळवलंय. बाकीचे गाड्या करून वर जाणारेत, मी आतकरवाडीतून चालत येईन, पिठलं-भाकरीला वर भेटू.

एक वाचक, कोथरूड, पुणे
(नाव छापू नये ही विनंती, नाहीतर ग्रुपवर चर्चा सुरू होईल.)