नानांच्या फाइलींची नावं न बदलल्याबद्दल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नाव घालत नाही. "काकू, माझं नाव कुठं टाकू नका हं, ऑफिसात चेष्टा करतात," असं तू जाता जाता जिन्यातून ओरडून सांगितलं होतंस. पत्र मात्र उघडंच लिहितेय. बडोद्यातल्या आपल्या मंडळाच्या दप्तराचं काय झालं ते चारचौघांना कळू दे. आणि आधी ज्यांनी पैसे घेऊन हात वर केले त्यांच्या वाचनात आलं, तर माझी काही हरकत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीकडच्या मराठी घरांतून आम्ही जुने कागद गोळा करतो. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, नाटकांची हँडबिलं, लग्नपत्रिका, क्वचित मोडीतलं एखादं पत्र. आमचे नाना, वय ऐंशीच्या पुढं, रोज दुपारी स्कॅन करायला बसतात आणि प्रत्येक फाइलला नाव देतात. आधी साल, मग प्रसंग, मग वाडा किंवा गल्ली, शेवटी पान. सगळं देवनागरीत, मधे जागा सोडून, वहीत लिहावं तसं. फाइल क्लाउडवर पडली की तिथल्या तिथं एक फंक्शन, म्हणजे छोटासा प्रोग्राम, चालावं, त्यानं छोटी प्रत काढावी आणि सूचीत नोंद करावी, एवढंच आमचं मागणं. अ‍ॅमेझॉनची लॅम्डा, म्हणजे अशी फंक्शनं चालवणारी सेवा, २०१४ साली आली तेव्हापासून एस-थ्रीत, म्हणजे त्यांच्याच फाइली ठेवायच्या कोठारात, फाइल पडली की जागं व्हायचं हे कामच करतेय म्हणे. आम्ही काही जगावेगळं मागितलं नव्हतं.

पहिल्या गृहस्थांनी सगळं माउसनं टिचक्या मारून उभं केलं. काय केलं, कुठं केलं, याची लेखी ओळ नाही. नानांच्या फाइली वर जात आणि पुढं काहीच होत नसे. प्रत नाही, नोंद नाही, धड तक्रारसुद्धा नाही. फंक्शन पडलं की लॅम्डा आणखी दोनदा प्रयत्न करून बघते आणि मग फाइल आल्याचा तो निरोप सोडून देते, हे तू सांगितल्यावर कळलं. त्या गृहस्थांचं निदान एका वाक्यात होतं: "मराठी नावं सिस्टीमला चालत नाहीत, इंग्रजी करा." ज्या शहरात सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डनसाहेबांना ग्रंथालयं उभारायला आणलं, पेट्या भरभरून पुस्तकं खेड्यांत फिरवली, तिथं २०२३ साली आम्हाला हे ऐकावं लागलं!

नाना बिचारे नावं बदलायला बसले. वहीत डावीकडे खरं नाव, उजवीकडे इंग्रजी आद्याक्षरं. आणि गंमत बघा, नावं इंग्रजी झाली आणि फंक्शन चालायला लागलं, ते थांबेचना. छोटी प्रत मूळ फाइलींच्याच बकेटमध्ये, म्हणजे एस-थ्रीतल्या त्याच कप्प्यात, ठेवली जात होती. तीही नवी फाइल, म्हणून पुन्हा फंक्शन, पुन्हा तिची छोटी प्रत. यादी उघडली तर एकेका नावामागे 'स्मॉल-स्मॉल-स्मॉल'ची आगगाडी. त्या दिवाळीत आमच्या खजिनदारांनी बिल बघितलं आणि फराळ बाजूला ठेवला.

दुसरे आले ते मोठ्या तोऱ्यात. टिचक्या बंद, सगळं टेराफॉर्ममध्ये, म्हणजे क्लाउडची मांडणी लिहून उभी करायच्या साधनात, लिहायचं म्हणाले. विचार चांगलाच होता. पण नवी फाइल आली की फंक्शनला कळवायच्या सूचनेचा फोटोंसाठी एक रिसोर्स, म्हणजे टेराफॉर्ममधली नोंद, आणि पीडीएफसाठी दुसरा, दोन्ही एकाच बकेटवर. बकेटला सूचनांची यादी मुळात एकच असते, त्यामुळे एक लिहिलं की दुसरं पुसलं जाई. आज फोटो चालत, पुढच्या वेळी पीडीएफ. मग त्यांचा फोन लागेनासा झाला.

आणि मग तू आलास, तुझ्या आईनं पाठवलं म्हणून. घरी मराठी, शाळा गुजराती, त्यामुळे जोडाक्षरं वाचताना तुझं बोट पडद्यावर फिरतं, ते मी बघितलंय. लॅपटॉप उघडायच्या आधी तू नानांना विचारलंस, "तुम्ही नावं कशी देता?" इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. नाना खुलले. साल आधी का, वाडा मागाहून का, एकाच गल्लीत दोन मंडळं असली तर काय करायचं, सगळं सांगत बसले आणि तू घड्याळाकडे न बघता ऐकलंस.

मग तू जुना लॉग, म्हणजे प्रोग्रामची रोजनिशी, उघडलास. तिथं नानांच्या सुरेख नावाच्या जागी टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार अशी लांबलचक माळ होती. एस-थ्री निरोपात नाव पाठवताना ते असं गुंडाळून पाठवते. देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रा तीन-तीन तुकड्यांत, आणि मोकळ्या जागेचं अधिकचिन्ह. आधीच्यांचं फंक्शन ती माळच फाइलचं नाव समजून शोधत होतं. तशी फाइल कशी सापडणार? तू खुर्ची नानांच्या बाजूला सरकवलीस आणि म्हणालास, "नाना, तुमचं नाव बरोबर आहे. आमच्या प्रोग्रामला ते वाचता येत नव्हतं."

नाना काही बोलले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. मी चहा करायला आत गेले, कारण मला तिथं उभं राहवेना.

दुरुस्ती किती, तर नाव उलगडून घेणारी एक ओळ. ती अ‍ॅमेझॉनच्या पायथन भाषेतल्या अधिकृत नमुन्यातसुद्धा आहे, असं तूच दाखवलंस. म्हणजे आधीच्या दोघांनी तो नमुनाही धड वाचला नव्हता. उलट एका म्हाताऱ्या माणसाला त्याचीच अक्षरं खोडायला लावली. याचा राग मला अजून आहे आणि तो जावा अशी इच्छाही नाही. चाचणीसाठी तू नानांचं सगळ्यात अवघड नाव निवडलंस, ज्यात 'कोल्हटकरांचा वाडा'ही आहे आणि कंसही, आणि ते कायमचं कोडसोबत ठेवून दिलंस. वहीवरून जुनी नावंही परत लावून दिलीस.

बाकीचं भराभर झालं. सूचना एकाच रिसोर्समध्ये, छोट्या प्रतींची बकेट वेगळी, एस-थ्रीला फंक्शन हाक मारायची परवानगी लिहून दिलेली, आणि काम अडलं तर मला मेल. सगळं टेराफॉर्मच्या फाइलीत आहे, त्यामुळे उद्या तू बंगळूरला गेलास तरी दुसरा कोणीही वाचून हे पुन्हा उभं करील. जा मात्र एवढ्यात नको.

हुशार माणसं बडोद्यात पैशाला पासरी आहेत. समोरच्याला अडाणी न ठरवता काम करणारी कमी. रावपुऱ्यातला आमचा झेरॉक्सवाला जुना कागद काचेवर ठेवण्याआधी त्याचा दुमडलेला कोपरा नखानं सरळ करतो, कोणी सांगितलेलं नसताना. तू त्याच्या जातकुळीतला.

आता भांडण. पैसे घेतले नाहीस, ठीक. सेव-उसळीवर भागवलंस, तेही ठीक. पण क्लाउडचं बिल अजून तुझ्याच कार्डावर जातंय हे खजिनदारांना कळलंय. रविवारी आईला घेऊन ये, मंडळाचं कार्ड तयार आहे, ते घाल आणि तुझं काढ.

तुझी,
दप्तरवाली काकू