शाळेच्या बँडला थोडी भुताटकी चालेल

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

स्नेहसंमेलने जवळ आली, की कोल्हापुरातील शाळांच्या पटांगणांवर बँडचा सराव सुरू होतो आणि संचलनाच्या त्याच धून व दोन-चार चित्रपटगीते कानी पडतात. गेल्या वर्षी एका शाळेत मी मुलांसाठी भीतीदायक आणि विनोदी अशी एखादी पाश्चात्त्य रचना सुचवली, तेव्हा ‘संमेलनात भुतेखेते नकोत, पालक काय म्हणतील?’ एवढ्यावर विषय मिटला. त्या शंकेला उत्तर द्यावे, म्हणून हे पत्र.

फ्रेंच संगीतकार सां-सांस यांच्या १८७४ मधील ‘दांस माकाब्र’ (मृत्यूचे नृत्य) या ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेत हार्प हे तारवाद्य मध्यरात्रीचे बारा ठोके देते आणि सांगाडे नाचू लागतात. त्यासाठी एकल व्हायोलिनची सर्वांत बारीक तार अर्धस्वराने उतरवलेली असते. त्यामुळे शेजारच्या तारेशी तिची षड्ज-पंचमाची जोडी मोडते आणि षड्जासोबत तीव्र मध्यम वाजतो. पंचम गाळणाऱ्या मारवा रागाची कातरवेळ ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ही बेचैनी परकी वाटणार नाही. हाडांचा खडखडाट लाकडी पट्ट्यांच्या झायलोफोनवर निघतो, ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्यावर कोंबडा आरवतो आणि भुते पांगतात. पुढे १८८६ मध्ये याच संगीतकाराने ही धून आपल्या प्राण्यांवरील रचनेत जीवाश्मांसाठी वापरून स्वतःचीच थट्टा केली. ज्या मुलीने झायलोफोनवर ही हाडे स्वतः वाजवली, तिला भीती कशी तयार केली जाते ते कळते. अंधश्रद्धेवर यापेक्षा सोपा उतारा मला तरी माहीत नाही.

नवशिक्या मुलांसाठी नॉर्वेचे संगीतकार ग्रीग यांची १८७५ ची, डोंगरातील राक्षसराजाच्या दरबाराची रचना अधिक सोयीची. एकच छोटी धून खर्जात दबकत सुरू होते आणि खासबागेत कुस्ती रंगताना हलगी चढावी तशी वेग व आवाज वाढवत जाते. मुलांना स्वर थोडे आणि लय मात्र पक्की सांभाळावी लागते. ग्रीग १९०७ मध्ये आणि सां-सांस १९२१ मध्ये निवर्तले असल्याने मूळ रचनांना स्वामित्वहक्काची अडचणही नाही.

विनोदी रचना मात्र दिसते तितकी सोपी नसते. अमेरिकी संगीतकार लेरॉय अँडरसन यांच्या १९५० मधील एका रचनेत चक्क टाइपरायटर हे वाद्य आहे. बंद पडलेल्या एखाद्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून तसे यंत्र मिळवता येईल, पण ओळ संपल्याची घंटी अर्धी मात्रा जरी उशिरा वाजली, तरी सभागृहात कोणी हसणार नाही. एरवी ताल चुकल्यावर शिक्षक रागावतात; येथे श्रोत्यांची शांतताच ती चूक दाखवून देते.

ऑर्केस्ट्रा म्हटले, की आपल्याकडे अजून हिंदी गाण्यांचा जलसाच डोळ्यांसमोर येतो, हे मान्य. शाळांमध्ये ओबो आणि हार्प नाहीत, हेही खरे. पण कोंबडा बासरीवर आरवेल आणि बारा ठोके पेटीवर पडतील. त्याहून बरे म्हणजे, मुलांनी हलगी-घुमके घेऊन आपला मुंजा, आपला चकवा स्वतःच रचावा. येत्या संमेलनात निदान एका शाळेने या प्रकारासाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत, अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे. सराव घ्यायला मी विनामूल्य येईन.

आपला,
एक निवृत्त बँडशिक्षक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर