ट्रिगर एकदा, गोळ्या तीन : मा. गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका जिल्ह्याच्या वार्षिक गोळीबार सरावात एका शिपायाने एसएलआरचा (सेल्फ लोडिंग रायफलचा) ट्रिगर एकदाच दाबला आणि तीन गोळ्या सुटल्या. पहिली टार्गेटमध्ये, दुसरी स्टॉप बटच्या, म्हणजे टार्गेटमागच्या गोळ्या अडवणाऱ्या बांधाच्या, माथ्याला, तिसरी कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही. मागची साइट भुवईवर आदळून त्याला टाके पडले. संध्याकाळपर्यंत कागद तयार झाला : 'शस्त्र हाताळण्यात निष्काळजीपणा.' तिथूनच याआधीही अशी तक्रार गेली होती. तेव्हा 'सर्व एसएलआरची तपासणी तीन महिन्यांत करून घेण्यात येईल' असं आपल्या खात्याचं लेखी उत्तर आलं होतं. या रायफलच्या हिस्ट्री शीटवर, म्हणजे तिच्या तपासणी-दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, त्यानंतर एकाही तपासणीची नोंद नाही. तीन महिने कुठल्या पंचांगातले, तेवढं कळवावं.

आम्ही निवृत्त पोलीस आर्मरर, म्हणजे शस्त्रं तपासणारे, दुरुस्त करणारे. आमचं आयुष्य कोतमध्ये, पोलिसांच्या शस्त्रागारात गेलं, म्हणून हे मंत्रालयात बसणाऱ्यालाही समजेल असं सांगतो.

एसएलआर अर्धस्वयंचलित आहे. ट्रिगर दाबला की सिअर, म्हणजे हॅमरला अडवून धरणारा खटका, हलतो आणि हॅमर, म्हणजे ठोका देणारी हातोडी, सुटतो. त्याच क्षणी सिअरची स्प्रिंग सिअरला पुढे ढकलते आणि ट्रिगरशी त्याचा संबंध तुटतो. गोळी सुटल्यावर स्लाइड (गॅसच्या जोराने मागेपुढे सरकणारा भाग) मागे येताना हॅमरला दाबते, सिअरचं नाक हॅमरच्या खाचेत अडकतं. बोट उचलून परत दाबल्याशिवाय दुसरी गोळी नाही. सगळा भरवसा त्या नाकावर, त्या खाचेवर आणि एका छोट्या स्प्रिंगवर.

आता रायफल कुठली? ७.६२ मिलिमीटरची, इच्छापूरच्या कारखान्यातली १ए१. चीनच्या युद्धानंतर लष्करात आली, इन्सास ही नवी रायफल आल्यावर तिथून निघाली आणि पोलिसांच्या कोतमध्ये येऊन पडली. एवढ्या वर्षांत नाकाची कड गोल होते, वरचा कडक थर झिजतो, स्प्रिंग मरते. मग हॅमर खाचेत न टिकता स्लाइडच्या मागोमाग पुढे येतो आणि बोट न उचलताच पुढची गोळी सुटते. कधी नुसता कॅपवर (काडतुसाच्या तळाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर) हलका ठोका बसतो, गोळी उडत नाही, आणि जवान 'मिसफायर' म्हणून काडतूस बदलतो. खरं तर ती पहिली सूचना असते. कॅपवर उथळ, अर्धवट खूण असलेलं न उडालेलं काडतूस सापडलं, तर ती रायफल त्याच क्षणी बाजूला ठेवायला हवी. आपल्याकडे काडतूस बाजूला ठेवतात आणि रायफल पुढच्या डिटेलला, म्हणजे सरावाच्या पुढच्या तुकडीला, देतात.

दुसरं कारण फायरिंग पिन, म्हणजे हॅमरचा ठोका कॅपपर्यंत नेणारी सुई. ब्रीच ब्लॉकच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या ठोकळ्याच्या) भोकात जळका कार्बन आणि घट्ट झालेलं ग्रीस साचलं किंवा पिनची स्प्रिंग तुटली, तर पिन टोक बाहेर काढून तशीच अडकते. ब्लॉक पुढे आला की तीच कॅपवर आपटते, ट्रिगरचा संबंधच राहत नाही. ब्लॉक पुरता लॉक होण्याआधी असं झालं तर पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, फाटते आणि पितळेचे तुकडे, तापलेला गॅस मागे येतो. तिसरं कारण दारूगोळा : कॅप पुंगळीच्या तळाच्या वर आलेली असली तरी हाच धोका. बोट फिरवलं तरी उंचवटा लागतो, पण राउंड वाटताना बोट फिरवायला वेळ कुणाला?

जवानाची चूक कधीच नसते, असं आमचं म्हणणं नाही. रायफलचा दस्ता खांद्यात घट्ट नसेल आणि बोट ट्रिगरवर सैल असेल, तर धक्क्याने रायफल मागे येऊन पुढे जाताना बोटावर ट्रिगर पुन्हा दाबला जातो. पण दोन्हींतला फरक ओळखायला एक मिनिट लागतं. मॅगझिन काढा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. रिकाम्या रायफलचा ट्रिगर दाबून तसाच धरून ठेवा, कॉकिंग हँडल पूर्ण ओढून सोडा, हॅमर खाचेत अडकून राहिला पाहिजे. मग ट्रिगर हळूहळू सोडा, 'टक' असा आवाज आला पाहिजे. पुन्हा दाबला की हॅमर सुटला पाहिजे. हे पाचसहा वेळा करा, एकदा तरी हॅमर स्लाइडबरोबर पुढे आला तर दोष रायफलचा. चौकशी अधिकाऱ्याने हे केलं का? त्याच संध्याकाळी रायफल साफ करून, तेल लावून कोतमध्ये परत ठेवली. पुंगळ्या मोजून पोत्यात गेल्या. पुरावा आपण स्वतःच पुलथ्रूने, नळी साफ करायच्या दोरीने, पुसून काढला, महोदय.

खरं करायचं होतं ते असं. नळी स्टॉप बटकडेच ठेवून मॅगझिन काढायचं, चेंबर रिकामं करायचं, लाल चिठ्ठी बांधायची. उघडायची नाही, पुसायची नाही. त्या तीन पुंगळ्या, मॅगझिन आणि त्या लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेले, उरलेले राउंड सीलबंद करायचे. आर्मररने तपासून, झिजलेला भाग बदलून, पुन्हा चालवायची तर आधी मॅगझिनमध्ये एकच राउंड, मग दोन. भरलेलं २० राउंडचं मॅगझिन तर नाहीच.

मिनिटाला साडेसहाशे-सातशेच्या वेगाने या रायफलचं यंत्र फिरतं, म्हणजे दोन गोळ्यांमध्ये सेकंदाचा दहावा हिस्साही जात नाही. तेवढ्यात नळी वर उचललेली असते. ही गोळी तीन किलोमीटरच्या पलीकडे जाते, आणि आपल्या कितीतरी रेंजच्या मागे आता वस्त्या झाल्या आहेत. त्या तिसऱ्या गोळीचा निष्काळजीपणा कुणाच्या नावावर लिहिणार?

आणि आर्मरर? त्यांची पदं रिकामी ठेवायची, असतील त्यांना बंदोबस्ताला जुंपायचं, झीज मोजायचं गेज मागितलं तर 'बजेट नाही', स्प्रिंग मागितली तर तीन प्रतींत मागणीपत्र. मग भंगारातल्या रायफलची स्प्रिंग काढून चालू रायफलला बसवायची, कुणी ट्रिगर जड लागतो म्हणालं की कानस चालवायची, आणि अपघात झाला की त्याच आर्मररची वेतनवाढ रोखायची. हा उद्योग आम्ही नोकरीभर सोसला. एक स्क्रू कमी भरला म्हणून पेन्शनचे कागद अडकवणारं खातं हजारो रायफलींची झीज मात्र कधी मोजत नाही.

बरं, हा रोग पोलिसांपुरताच आहे का? कारगिलमध्ये इन्सास तीन गोळ्यांच्या बर्स्टवर लावली तर ती न थांबता सुटत राहते, अशा तक्रारी जवानांनी केल्या होत्या. २६/११ नंतर त्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या प्रधान समितीने सांगितलं की दारूगोळ्याअभावी सरावच बंद होता. त्या रात्री सीएसटीवर काही पोलिसांच्या हातात जुन्या .३०३ रायफली होत्या. निदान ती बोल्ट ओढल्याशिवाय दुसरी गोळी सोडत नाही. आता गुन्हेगार शोधायला कृत्रिम बुद्धिमत्ता येतेय, आनंद आहे. सिअरची स्प्रिंग बदलायला साधी चालते.

मागण्या थोड्या आहेत. त्या शिपायावरची नोंद रद्द करावी. त्या रायफलची आणि त्या लॉटची तपासणी त्या जिल्ह्याबाहेरच्या आर्मररकडून व्हावी. प्रत्येक एसएलआरची वर सांगितलेली रिकामी तपासणी दर सरावाआधी सक्तीची करावी आणि हिस्ट्री शीटवर सहीनिशी लिहावी. सिअर, हॅमर, फायरिंग पिन आणि त्यांच्या स्प्रिंगा यांचा साठा प्रत्येक मुख्यालयात असावा. पुढचा सराव पावसाळ्यानंतर आहे. त्याआधी उत्तर यावं, आणि या वेळी तारखेसह.

आपले,
निवृत्त पोलीस आर्मरर