सामन्यांच्या मोफत प्रक्षेपणाबाबत दिलेल्या अपुऱ्या उत्तराविषयी तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

मी आपल्या ॲपचा वार्षिक वर्गणीदार आहे. माझ्या वडिलांकडे केबलचा साधा पॅक असून त्यात आपली वाहिनी येत नाही. भारताचे एकदिवसीय सामने त्यांना दिसत नाहीत, अशी तक्रार मी केली असता ‘सामने दूरदर्शनवर मोफत उपलब्ध आहेत’ एवढे एका ओळीचे उत्तर देऊन आपण ती बंद केलीत. हे उत्तर अर्धवट असून दिशाभूल करणारे आहे.

२००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण हक्कधारकाने (प्रक्षेपणाचे हक्क विकत घेतलेल्या कंपनीने) दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला स्वतःच्या जाहिरातींविना द्यावे लागते आणि त्यावर दूरदर्शनने दाखवलेल्या जाहिरातींच्या उत्पन्नाचा किमान ७५ टक्के वाटाही हक्कधारकालाच मिळतो. मात्र हे प्रक्षेपण दूरदर्शनने केवळ स्वतःच्या भूस्थित केंद्रांवरून (साध्या अँटेनावर दिसणाऱ्या प्रक्षेपण केंद्रांवरून) व फ्री डिश या स्वतःच्या मोफत डीटीएच सेवेवरूनच दाखवावे, केबल किंवा खासगी डीटीएचवरून नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हक्कधारकांच्या बाजूने दिला. पुढे भूस्थित केंद्रेही बहुतांशी बंद झाल्याने, नियमित पैसे भरणाऱ्या केबल ग्राहकाला हा ‘मोफत’ सामना पाहण्यासाठी वेगळी डिश बसवावी लागते. आपल्या प्रतिनिधीला हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

ॲपचा पर्याय मी करून पाहिला. वडिलांच्या टीव्हीवर लॉगिन करताना ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो आणि मी कामात असलो की सहा आकडी रिकाम्या चौकटीसमोर ते थांबून राहतात. तोवर त्याची मुदत संपते. कसोटीच्या पहिल्या सत्रापासून धावफलक वहीत उतरवणाऱ्या प्रेक्षकाला असे ताटकळत ठेवणे मला मान्य नाही.

आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. अशा बाजारात सार्वजनिक वाहिनी बोली लावू शकत नाही, हे उघड आहे आणि आपण हक्क विकत घेतले याबद्दल माझी तक्रारही नाही. पण प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्याच वादात सांगितले होते, त्यामुळे हक्कांसोबत काही जबाबदारीही येते. इंग्लंडमध्ये २००५ च्या ॲशेस या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी मालिकेनंतर मायदेशातील कसोटी सामने सशुल्क वाहिनीकडे गेले. तरीही २०१९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना यजमान संघ तिथवर पोहोचल्यावर त्याच सशुल्क कंपनीने मोफत वाहिनीलाही दाखवू दिला. आपणही निदान मालिकांचे निर्णायक सामने दूरदर्शनला केबलवरून दाखवू देण्यास संमती द्यावी. हक्कधारकाने स्वतःहून दिलेल्या संमतीला त्या निकालाची आडकाठी येईल, असे मला वाटत नाही.

तोपर्यंत मोफत सामने मुख्यतः फ्री डिशवरच दिसतात, हे ग्राहकांना स्पष्ट सांगावे आणि एका वर्गणीत घरातील दुसऱ्या क्रमांकावरही ओटीपी मिळण्याची सोय करावी. माझी बंद केलेली तक्रार पुन्हा नोंदवून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वर्गणीदार